अक्कल गुडघ्यात

मराठीत मूर्ख माणसाची अक्कल गुडघ्यात असते, हरलेला माणूस गुडघे टेकतो आणि लग्नाला उतावीळ झालेला गुडघ्याला बाशिंग बांधतो. एकूण आपल्या भाषेत गुडघ्याला मान असा नाहीच. फौजेत त्याची अवस्था याहून वाईट. तिथे दुखणारा गुडघा हा सरळ आरोप होतो, आणि ज्याचा दुखतो तो आरोपी.

"आमच्या वेळी असले गुडघेबिडघे नव्हते," हे वाक्य मी बेंगळुरूच्या या पोस्टिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्यानं तोंड उघडलं तरी कळतं काय येणार ते. या शहरात निवृत्त फौजी भरपूर. हवा चांगली, कमांड हॉस्पिटल हाताशी, कॅन्टीन जवळ, पोरं आयटीत. रविवारी मेसच्या व्हरांड्यात मंडळी जमतात आणि आजकालच्या जवानांचं काय होणार यावर चर्चा होते. मागे एका ज्येष्ठ साहेबांनी हेच वाक्य मला ऐकवलं. नंतर खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, दोनदा झोका घेऊन ते उठले. साहेबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

साहेबांबद्दल मला आदर आहे, त्यांनी जे केलंय त्याच्या पासंगालाही मी पुरणार नाही. पण सर, गुडघे तुमच्याही वेळी दुखत होते. तुम्ही सांगत नव्हतात एवढंच. आणि न सांगण्याचं बिल पस्तीस वर्षांनी ऑपरेशनच्या टेबलावर आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे गुडघा दुखतो म्हणून सांगणाऱ्याचं नुकसान होतं आणि लपवणाऱ्याला शाबासकी मिळते. असं जोवर आहे तोवर आपण चांगले जवान आपल्याच हातानं लंगडे करतोय. हे जवानांचे लाड करण्यासाठी लिहीत नाहीये. मी स्वतः खडकवासल्याचा, तोरणा कॅम्प केलेला, 'रगडा' या शब्दाचा अर्थ शब्दकोशाबाहेर शिकलेला माणूस आहे. कष्टाला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो नासाडीला.

आता एक गोष्ट, जी प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतमजूर घरातला मुलगा. बारावीनंतर महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाला, सियाचिनला राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, आणि मग धावायला लागला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्यपदक घेतलं, सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदानं हुकलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट गेला, मेनिस्कसही फाटला. पुढे मुंबईत शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला.

तेव्हा कुणी म्हणालं का, की साबळे नाटक करतोय? कुणी म्हणालं का, की क्रेप बँडेज बांध आणि पळ? सगळ्या देशानं हळहळ व्यक्त केली, उत्तम सर्जन मिळाला, आणि घाई करू नकोस असंच सगळे म्हणाले. बरोबरच केलं. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतलेल्या खेळाडूचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो, हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आता त्याच फौजेतला दुसरा एक गुडघा घ्या. साबळेसारखाच कुणी शेतकऱ्याचा पोरगा, तीच वर्दी, तोच सांधा, तेच लिगामेंट. फरक एवढाच की हा पदकासाठी पळत नाही, कंपनीबरोबर पिठ्ठू लावून पळतो. एका उतरणीवर पाय मुरगळतो, 'कट्' असा आवाज येतो, गुडघा सुजतो. तो सिक रिपोर्टला जातो. तिथून 'एक्सक्यूज्ड पीटी, सात दिवस' अशी चिठ्ठी घेऊन येतो. आणि बॅरेकमध्ये पाऊल ठेवताच त्याला नवं नाव मिळालेलं असतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. वाचणाऱ्या फौजींना माहीत आहे, बाकीच्यांनी कल्पना करावी.

बेंगळुरूत राहून हा फरक जास्तच डोळ्यांत भरतो. देशातल्या क्रिकेटपटूंचे गुडघे, पाठी आणि हॅमस्ट्रिंग दुरुस्त होतात ते याच शहरात. नॅशनल क्रिकेट अकादमी २००० सालापासून इथेच. आता २०२४ मध्ये तिचं मोठं रूप विमानतळाकडच्या बाजूला उभं राहिलंय. तिथे वेगवान गोलंदाज महिनोन्महिने राहतो, रोज किती चेंडू टाकायचे ते मोजून ठरतं, आणि तो संघात नाही म्हणून त्याच्या मर्दानगीवर कुणी शंका घेत नाही. साईच्या केंद्रात हॉकीवाल्यांचं तेच. एवढंच काय, २००८ पासून इथे दरवर्षी दहा किलोमीटरची मोठी शर्यत होते. त्यात हौसेनं पळणारा आयटीतला इंजिनिअर गुडघा दुखला की दोन दिवसांत इंदिरानगरच्या एखाद्या फिजिओकडे पोचतो. आठवडाभरात त्याला मांडीच्या कोणत्या स्नायूत कमतरता आहे ते पाठ झालेलं असतं. आणि त्या इंजिनिअरचं घर राखणारा जवान मेडिकलच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी घेऊन बीपीईटीच्या आदल्या रात्री दोन आणि सकाळी एक असा स्वतःच डॉक्टर होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीपीईटी म्हणजे बॅटल फिजिकल एफिशिअन्सी टेस्ट. हत्यार आणि पाठीवर सामान घेऊन पाच किलोमीटर दौड, वर दोर चढणं, आडवा दोर पार करणं, नऊ फुटांची खाई उडी मारून ओलांडणं आणि साठ मीटर स्प्रिंट. वयानुसार वेळ ठरलेली. नापास झालात तर अहवालात नोंद.

गोळ्यांचं हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकन फौजेत आयब्युप्रोफेनच्या मोठ्या गोळीला 'रेंजर कँडी' म्हणतात, म्हणजे रेंजरांच्या चघळायच्या गोळ्या. विनोद बरा आहे, पण ती गोळी दुखणं घालवत नाही, दुखण्याची बातमी अडवते. सेंट्रीनं ओरडू नये म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखं आहे ते. शिवाय घाम गाळत, पाणी कमी पीत असताना या गोळ्या वरचेवर खाल्ल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. गुडघा वाचवायला निघालेला माणूस किडनी घेऊन हॉस्पिटलात जातो.

मध्यंतरी सुट्टीवर घरी जाताना उद्यान एक्सप्रेसला माझ्या समोरच्या बर्थवर एक पोरगा होता. केस बघूनच कळलं कुठला ते. अग्निवीर, बेसिक ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर निघालेला, मंगळवेढ्याकडचा. वरच्या बर्थवर चढताना तो प्रत्येक पायरीवर उजवाच पाय आधी टाकत होता आणि डावा मागून ओढून घेत होता. उतरताना उलटं, डावा आधी. असा चढणारा-उतरणारा माणूस मी ओळखतो. मी विचारलं, "डावा गुडघा किती दिवस झाले?" तो आधी गडबडला. मग मी कोण हे कळल्यावर आणखी गडबडला, उठून उभाच राहिला. बसवला त्याला.

"तीन महिने झाले, साहेब."

"दाखवला नाहीस?"

"दाखवला तर मागच्या बॅचला टाकत्यात, साहेब. आणि चार वर्षांनी पंचवीस टक्केच ठेवणार म्हणत्यात. त्यात गुडघ्यावाल्याला कोण ठेवतंय?"

त्याच्या या प्रश्नाला रायचूर येईपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्याचं गणित चुकलेलं नाही. २०२२ मध्ये आलेल्या योजनेत चार वर्षं आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करणं, हा नियम आहे. योजना चांगली की वाईट हा आजचा विषय नाही, आणि वर्दीत असताना त्यावर लिहिणं माझं कामही नाही. पण ज्या मुलाला चार वर्षांत प्रत्येक चाचणीत आपण इतर तिघांपेक्षा सरस आहोत हे दाखवायचंय, तो गुडघा लपवणारच. जुन्या जवानाकडे लपवण्याचं एक कारण होतं, याच्याकडे चार आहेत. त्यामुळे जी सवय आधीच वाईट होती ती आता दुप्पट वाढणार, हे समजायला फार मोठी अक्कल लागत नाही. गुडघ्यात असेल तेवढी पुरते.

आणि हे लपवणं भरतीच्याही आधीपासून सुरू होतं. बीड, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, कुठल्याही जिल्ह्यात पहाटे चारला हायवेच्या कडेनं गाडी चालवा. पोरांच्या रांगा डांबरावर पळताना दिसतील. साडेसतरा ते एकवीस एवढंच वय, १६०० मीटरची दौड, अकादमीची फी बापानं कर्ज काढून भरलेली. पायात पातळ तळव्याचे बूट, खाली डांबर, आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगानं. निम्म्यांचे गुडघे केंद्रात पोचण्याआधीच कुरकुरत असतात. डॉक्टरनं विचारलं, "काही त्रास?" की उत्तर ठरलेलं: "नाही सर."

आता गुडघ्याचं थोडं शास्त्र. मी डॉक्टर नाही, पण माझा डावा मेनिस्कस फाटलेला होता म्हणून या विषयात मला मानद पदवी आहे. गुडघ्याला चढ मारत नाही, उतार मारतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसून शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. पाठीवर वीस-पंचवीस किलो, खाली सुटे दगड, आणि मांडी थकलेली. ब्रेक ढिला पडला की सगळा दणका वाटीमागच्या कूर्चेवर आणि मेनिस्कसच्या गादीवर. म्हणून पोस्टवर चढून जाणारे सगळे ठणठणीत असतात आणि उतरून आलेले जिन्याचा कठडा धरतात. सिंहगड चढलेल्या कुठल्याही पुणेकराला विचारा, दुसऱ्या दिवशी कशामुळे ओरडला ते.

दुसरा दणका ड्रिलचा. मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत पाय उचलायचा आणि टाच सिमेंटवर आपटायची. दिवसातून शेकडो वेळा, टणक बुटात, महिनोन्महिने. परेड मला आवडते, सलामी शस्त्रला आजही अंगावर काटा येतो. पण २०१० च्या सुमारास अटारी-वाघाच्या रोजच्या सोहळ्यातलं पाय आपटणं सौम्य करण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जवानांच्या गुडघ्यांचं आणि टाचांचं कारण त्यात होतंच. रोज संध्याकाळी टाळ्या वाजवणाऱ्या पब्लिकला सांध्याचा आवाज ऐकू येत नाही.

"मग काय, ट्रेनिंग बंद करायचं?" हा पुढचा प्रश्न व्हरांड्यातून येतोच. नाही. ट्रेनिंग अक्कलहुशारीनं करायचं. ऑस्ट्रेलियन सैन्यातले डॉक्टर स्टेफन रुड्झकी यांनी रंगरुटांचे दोन गट केले होते. एकानं नेहमीसारखं धावायचं, दुसऱ्यानं धावण्याऐवजी वजन घेऊन चालायचं. १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. चालणाऱ्या गटात पायाच्या आणि विशेषतः गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या. आणि वजन घेऊन चालणाऱ्यांची दमछाक सोसण्याची ताकदही पळणाऱ्यांइतकीच वाढते, हे त्यांनी त्याआधीच दाखवलं होतं. वजन घेऊन चालणं हे कुणाचं काम आहे? इन्फंट्रीचंच ना? म्हणजे जे युद्धात करायचंय त्याचाच सराव करायचा. टी-शर्ट घालून रोज सकाळी आठ किलोमीटर पळवणं हे उस्तादाला सोपं जातं, कारण त्यात फक्त शिट्टी लागते.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो खोटा नाही. कामचुकार असतात. असतातच. परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्यांचा गुडघा नेमका दुखतो आणि सुट्टीच्या गाडीत बसताना बरा होतो, असे नग प्रत्येक कंपनीत दोन-तीन सापडतात. त्यांना पकडण्यासाठी आपण काय वापरतो? लाज. सिक रिपोर्टला जाणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करायचं, टोमणे मारायचे, फॉलइनमध्ये नाव घ्यायचं. पण लाज वाटते कुणाला? प्रामाणिक माणसाला. कामचुकाराला ती नसते, म्हणून तर तो कामचुकार. या चाळणीतून तो आरामात खाली सुटतो आणि वर अडकून राहतो तो खरा दुखणारा, स्वाभिमानी, चांगला जवान. तो परत एमआय रूमची पायरी चढत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी या लाजेमुळे एकही कामचुकार सुधारलेला पाहिला नाही. चांगली पोरं मात्र कायमची लंगडताना पाहिली.

कामचुकार पकडायचा तर डॉक्टरनं तपासावं. सूज खोटी आणता येत नाही. दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजला तर जो पाय महिनाभर वाचवला जातोय तो बारीक झालेला दिसतो. ज्याचा खोटा आहे त्याला तीन आठवडे फिजिओच्या व्यायामाला रोज पहाटे साडेचारला बोलवा. चौथ्या दिवशी बरा होतो.

आणि एक विचारतो. एमटी पार्कमधल्या प्रत्येक गाडीला कार डायरी असते. किती किलोमीटर पळाली, तेल कधी बदललं, कुठला आवाज येतो, सगळं लिहिलेलं. मेंटेनन्स परेड असते, त्या दिवशी सीओ स्वतः फिरून बघतो. ड्रायव्हरनं "साहेब, सस्पेन्शनचा आवाज येतोय" म्हणून सांगितलं तर त्याला शाबासकी मिळते, वेळेत सांगितलंस म्हणून. तोच ड्रायव्हर "साहेब, माझ्या गुडघ्याचा आवाज येतोय" म्हणाला तर? गाडी कारखान्यात परत बनते. ड्रायव्हर बनत नाही.

माझ्या स्वतःच्या गुडघ्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय काही वाचक विचारतीलच. उत्तरेकडच्या एका पोस्टवरून उतरताना, वितळत्या बर्फात डावा पाय रुतला आणि शरीर वळलं. सूज आली, दोन दिवसांनी गुडघा अडकायला लागला, सरळच होईना. मी रिपोर्ट केला. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, शेपमधला ए-वन ए-टू झाला, चोवीस आठवड्यांसाठी. (शेप म्हणजे आपली वैद्यकीय जन्मपत्रिका, त्यातला 'ए' हातापायांचा.) एका वरिष्ठांनी हसत हसत म्हटलं, "इतनी जल्दी थक गये?" ज्या कोर्सला शेप-वन लागतो तो त्या वर्षी दुसऱ्याला गेला. कोर्सचं वाईट वाटलं नाही, नियम होता. 'थक गये' मात्र अजून लक्षात आहे.

ज्यानं मला पुन्हा चालतं केलं तो एक फिजिओ. त्यानं चिठ्ठीच्या पाठीवर तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा, पुढे घोट्याला वाळूची पिशवी बांधून. दुसरी, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलायचा, कारण कंबरेचे स्नायू ढिले असले की गुडघा आत वळतो. तिसरी आणि सगळ्यात कंटाळवाणी: एका विटेवर दुखऱ्या पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू, मनात पाच मोजत, जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. म्हणजे उतरण्याचाच सराव, एका विटेएवढ्या डोंगरावर. रोज सकाळ-संध्याकाळ, चौदा आठवडे. ए-वन परत मिळाला. आज चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या वयाची बीपीईटी मी गोळी न खाता पास होतो. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, पडल्यावर काही तासांत फुगला असेल किंवा रात्री झोपमोड करत असेल तर मात्र वीट वगैरे काही नाही, आधी डॉक्टर.

'एक्सक्यूज्ड पीटी'च्या चिठ्ठीवर माझा राग आहे तो इथे. ती चिठ्ठी काय करू नये ते सांगते. पळू नको, उडी मारू नको, उकिडवा बसू नको. काय कर, ते नाही सांगत. मग जवान सात दिवस बॅरेकमध्ये बसतो, मांडी आणखी बारीक होते, वजन दोन किलो वाढतं, आणि आठव्या दिवशी त्याला सरळ पाच किलोमीटरला उभं करतात. गुडघा पुन्हा जातो. मग सगळे म्हणतात, याचं काही खरं नाही. ज्या युनिटांमध्ये मी राहिलो त्यातल्या एकातही फिजिओ नव्हता. फिजिओ हॉस्पिटलात, हॉस्पिटल दूर, आणि रेफर होईपर्यंत कूर्चेचा भुगा. ज्ञान नाही असंही नाही. पुण्यात आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग आहे, २००१ पासून आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. खेळाडूचा गुडघा कसा सांभाळायचा हे फौजेला उत्तम कळतं. ते कळणं कंपनीच्या पीटी ग्राउंडपर्यंत पोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता कागदाबद्दल, कारण व्हेटरन वाचकांची निम्मी पत्रं याच विषयाची असतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर नंतर झालेला आजार नोकरीमुळे झाला असं गृहीत धरलं जाईल, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही. मोठा निकाल आहे. त्याआधी २००८ मध्ये राजपाल सिंग यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं, की लो मेडिकल कॅटेगरीतल्या माणसाला इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाशिवाय घरी पाठवता येणार नाही. हे दोन्ही निकाल जवानाच्या बाजूचे. पण निकाल वापरायला काहीतरी हातात लागतं. ज्या माणसानं बावीस वर्षं गुडघा कुणाला दाखवलाच नाही, त्याच्या रिलीज मेडिकल बोर्डापुढे काय असतं? कोरी पानं. बोर्ड म्हणतं, हा वयामुळे झिजलेला सांधा आहे, गावाकडे तुमच्या भावाचाही झिजला असेल. आणि बोर्डाला तरी दोष कसा द्यायचा? त्यांच्यासमोर कागद नाही.

म्हणजे बघा काय झालं. नोकरीत असताना ज्यानं मर्दासारखं सहन केलं, त्याला निवृत्तीनंतर पुरावा नाही. ज्या टोमण्यांमुळे त्यानं नोंद केली नाही ते टोमणे कुठल्या फाइलला लावता येत नाहीत.

म्हणून जे नोकरीत आहेत त्यांना सांगणं: गुडघा पडला, मुरगळला, सुजला तर त्याच दिवशी एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये नाव आलं पाहिजे. दुखापत मोठी असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट भरला जातोय की नाही ते स्वतः विचारा, आणि त्यात तुम्ही कुठल्या ड्युटीवर होतात ते स्वच्छ लिहिलंय का तेही बघा. एमआरआय झाला तर प्रत घरी पाठवा, बायकोच्या कपाटात ठेवा, तिथून काही हरवत नाही. कंपनी कमांडर असाल तर हा फॉर्म अडवून ठेवू नका. तुमच्या कंपनीत एक दुखापत कमी दिसली म्हणून तुम्हाला बढती मिळणार नाही, पण त्याचा गुडघा मात्र तुमच्या सहीवाचून मोकळा राहील.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी इथे केलंय. फॉलइनमध्ये सिक रिपोर्टवाल्यांची नावं वाचणं बंद. 'एक्सक्यूज्ड' असलेल्यांची वेगळी टोळी, रोज सकाळी बाकीच्यांच्याच वेळी, बाकीच्यांच्याच मैदानात, विटा आणि वाळूच्या पिशव्या घेऊन. सुट्टीवरून परतलेल्यांना पहिला आठवडा दौड नाही, वजन घेऊन चालणं. पीटी उस्ताद नाखूश होता, आता त्याचाच उजवा गुडघा त्या टोळीत आहे. पहिल्या महिन्यात सिक रिपोर्टचा आकडा वाढला आणि वरून विचारणा आली, हे अचानक एवढे आजारी कसे. आजारी आधीही होते, एवढंच लिहून पाठवलं.

मंगळवेढ्याच्या पोराला मी सोलापूरच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना फॉर्मचा नंबर तिकिटाच्या मागे लिहून दिला आणि विटेचा व्यायाम करून दाखवला, प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून. चहावाला बघत होता. पोरगा म्हणाला, "साहेब, सुट्टीवरून गेल्यावर दाखवतो." दाखवेल की नाही, माहीत नाही.